मानेला रेडिएशन झाल्यानंतर हार्मोन्सचे त्रास: सारखे विचारले जाणारे प्रश्न

ह्यांच्या घशाच्या कॅन्सरचं रेडिएशन संपून सव्वा वर्ष झालं होतं, स्कॅन क्लीन, सगळे नातेवाईक फोन करून अभिनंदन करत होते, आणि हे मात्र भर उन्हाळ्यात शाल पांघरून खुर्चीत बसलेले, पंखा बंद करा म्हणायचे, बोलायला गेलं तर दोन शब्दांत उत्तर. आम्ही सगळे म्हणत होतो अशक्तपणा आहे, एवढं मोठं आजारपण काढलंय, वेळ लागणारच. पाच महिने असेच काढले. मग एका वेगळ्याच कारणाने रक्त तपासलं तर टीएसएच (थायरॉईड नीट चालतंय का ते सांगणारा आकडा) ४८ आलं. नॉर्मल साधारण ०.४ ते ४ असतं. म्हणजे थकवा कॅन्सरचा नव्हताच, थायरॉईड बंद पडत आलं होतं आणि आम्ही वाट बघत बसलेलो.

तेव्हापासून वेटिंगमध्ये शेजारी बसलेले लोक मला जे जे विचारतात ते इथे एकत्र लिहिलंय. मी डॉक्टर नाही, फाइल सांभाळणारी बायको आहे, त्यामुळे डोस आपापल्या डॉक्टरांनीच ठरवायचा, पण काय विचारायचं एवढं तरी हे वाचून कळेल.

रेडिएशन घशाला दिलं, मग हार्मोन्स कुठून आले मधे?

थायरॉईड ग्रंथी मानेच्या पुढच्या बाजूला, कंठाच्या थोडी खाली, श्वासनलिकेला मिठी मारून बसलेली असते, फुलपाखरासारखी. तोंड, जीभ, घसा, स्वरयंत्र यांच्या कॅन्सरमध्ये नुसत्या गाठीला रेडिएशन देऊन भागत नाही, मानेतल्या लिम्फ नोड्सनाही (कॅन्सर जिथे पसरू शकतो त्या छोट्या ग्रंथींना) द्यावं लागतं, बऱ्याचदा दोन्ही बाजूंच्या. मग मधे बसलेली थायरॉईड त्यातून सुटणार कशी? पूर्ण कोर्स साधारण ६० ते ७० ग्रेचा (ग्रे म्हणजे रेडिएशनचा डोस मोजायचं माप) असतो, ३० ते ३५ सिटिंगमध्ये, सहा-सात आठवडे. त्यातला बराच वाटा थायरॉईडला मिळतो. ग्रंथीच्या पेशी आणि तिला रक्त पुरवणाऱ्या बारीक नळ्या दोन्ही हळूहळू खराब होत जातात, लगेच काही दिसत नाही, म्हणूनच फसायला होतं.

दुसरी ग्रंथी पिट्युटरी. ही वाटाण्याएवढी, मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मागे हाडाच्या एका खळग्यात असते. त्या खळग्याला सेला टर्सिका म्हणतात, म्हणजे तुर्की खोगीर, कारण आकार तसाच आहे. स्वरयंत्राच्या किंवा जिभेच्या रेडिएशनमध्ये ही सहसा लांब राहते. पण नाकाच्या मागचा भाग म्हणजे नेझोफॅरिंक्स, सायनस, नाकाची पोकळी, कवटीचा तळ इथला कॅन्सर असेल तर ती आणि तिच्या वरचा, तिला चालवणारा मेंदूचा भाग म्हणजे हायपोथॅलॅमस, दोन्ही किरणांच्या वाटेत येतात. त्यामुळे आपलं रेडिएशन नक्की कुठे झालंय हे आधी माहीत करून घ्या, कारण पुढचे अर्धे प्रश्न त्यावरच अवलंबून आहेत.

किती जणांना होतं हे?

कमी नाही. मानेला रेडिएशन झालेल्यांमध्ये वेगवेगळ्या अभ्यासांत आकडे साधारण पाचातल्या एकापासून ते जवळजवळ निम्म्या लोकांपर्यंत येतात. मानेचं ऑपरेशन पण झालं असेल आणि त्यात थायरॉईडचा एखादा भाग काढला असेल (स्वरयंत्र काढताना असं होतं) तर शक्यता आणखी वाढते. बायकांमध्ये जास्त, ज्यांची ग्रंथी मुळात लहान त्यांच्यात जास्त, आणि अर्थात डोस जितका जास्त तितकं जास्त. पण यातलं काहीच नसलेल्या माणसालाही होतं, तेव्हा "मी पुरुष आहे, माझं ऑपरेशन नाही झालं" म्हणून निश्चिंत होऊ नका.

माझा रिपोर्ट सहा महिन्यांनी नॉर्मल आला, आता सुटलो ना?

नाही हो. बऱ्याच जणांचं पहिल्या दोन-तीन वर्षांत बिघडतं, पण पाच वर्षांनी, दहा वर्षांनी बिघडलेलेही आहेत. एक नॉर्मल रिपोर्ट म्हणजे त्या दिवशी नॉर्मल होतं, एवढंच. एनसीसीएन या अमेरिकेतल्या कॅन्सर हॉस्पिटल्सच्या संघटनेच्या गाइडलाइनमध्ये मानेला रेडिएशन झालं असेल तर दर ६ ते १२ महिन्यांनी टीएसएच बघायला सांगितलंय. आणि हे आपणच लक्षात ठेवायचं, कारण पाच वर्षांनंतर कॅन्सरवाल्या डॉक्टरांकडच्या चकरा कमी होतात आणि फॅमिली डॉक्टरला तुमच्या मानेला काय झालं होतं हे आठवेलच असं नाही.

उलटी गोष्ट पण सांगते, सुरुवातीच्या काळात काही जणांना थायरॉईडला सूज येऊन हार्मोन थोडे दिवस जास्तच सुटतं, छाती धडधडते, हात थरथरतात, वजन उतरतं. ते बहुतेक आपोआप शांत होतं आणि मग नंतर कमी होऊ शकतं. म्हणून एकाच रिपोर्टवरून जन्मभराचा निष्कर्ष नको, पुन्हा तपासा.

थकवा रेडिएशनचा की थायरॉईडचा, कसं ओळखायचं?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि खरं उत्तर असं की नुसतं बघून ओळखता येत नाही. कारण थायरॉईड कमी झाल्याची जवळजवळ सगळी लक्षणं रेडिएशनच्या नावावर खपून जातात. आवाज घोगरा झाला? रेडिएशनने होतोच. कातडी कोरडी? रेडिएशन. हनुवटीखाली, मानेला सूज? लिम्फचं पाणी साठतं, रेडिएशनने. गिळायला जड जातंय? तेही रेडिएशन. उदास वाटतं, कशात मन लागत नाही? एवढ्या आजारपणानंतर कोणाला वाटणार नाही. पोट साफ होत नाही? दुखण्याच्या गोळ्यांमुळे असेल. प्रत्येक तक्रारीला एक तयार उत्तर असतं आणि प्रत्येक उत्तर बरोबरही असू शकतं, त्यातच सगळा घोळ आहे.

तरी दोन-तीन गोष्टींवर लक्ष ठेवा. रेडिएशनचा थकवा संपल्यानंतरच्या आठवड्या-महिन्यांत हळूहळू उतरायला हवा. तो उतरून, माणूस जरा हिंडाफिरायला लागून, मग परत वाढायला लागला तर संशय घ्यायचा. थंडी सहन न होणं हे दुसरं, घरात बाकी सगळ्यांना उकडतंय आणि ह्यांना स्वेटर हवाय. तिसरं म्हणजे खाणं वाढलेलं नाही, उलट गिळायला त्रास म्हणून कमीच आहे, तरी वजन वाढतंय किंवा चेहरा, पापण्या फुगल्यासारख्या दिसतायत. नाडी मंद होणं, बोलणं-विचार करणं संथ होणं, हातापायात गोळे येणं, कोलेस्ट्रॉल अचानक वाढणं ही पण यातलीच. कोलेस्ट्रॉलचं तर विशेष, कारण मानेला रेडिएशन झालेल्यांच्या मानेतल्या मोठ्या रक्तवाहिन्या पुढे अरुंद होण्याची शक्यता असते, त्यात थायरॉईडमुळे कोलेस्ट्रॉल वाढलं तर दुधात साखर नाही, आगीत तेल.

पण हे सगळं ओळखत बसण्यापेक्षा रक्त द्या. साधी टेस्ट आहे. आम्ही पाच महिने अंदाज लावत बसलो आणि उत्तर एका नळीभर रक्तात होतं.

नक्की कोणती टेस्ट सांगायची लॅबमध्ये?

टीएसएच आणि फ्री टीफोर, दोन्ही. टीएसएच हे थायरॉईडचं हार्मोन नाहीच, ते पिट्युटरी थायरॉईडला पाठवते तो हुकूम आहे. थायरॉईड काम करेनाशी झाली की पिट्युटरी जास्त जोरात ओरडते म्हणून टीएसएच वाढतं. टीफोर म्हणजे थायरॉईडने प्रत्यक्ष केलेलं काम. पॅकेजमध्ये टीथ्री वगैरे येतं, त्याने इथे फारसा फरक पडत नाही.

केसांसाठी-नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर टेस्टच्या दोन-तीन दिवस आधी बंद करा आणि तसं सांगा, बायोटिनने काही मशीनवर रिपोर्ट चुकीचा येतो.

टीएसएच वाढलंय पण टीफोर नॉर्मल आहे. गोळी लागेल?

याला सबक्लिनिकल म्हणतात. टीएसएच १० च्या वर असेल तर बहुतेक डॉक्टर गोळी सुरू करतात. ४ ते १० च्या मधे असेल तर त्रास किती, वय किती, हृदयाचं काही आहे का, आधीचा रिपोर्ट किती होता हे बघून ठरवतात, काही वेळा दोन-तीन महिन्यांनी परत करायला सांगतात. मात्र रेडिएशन झालेल्या मानेत हा आकडा परत खाली येण्यापेक्षा वर जाण्याचीच शक्यता जास्त, हे लक्षात ठेवून "बघू पुढच्या वर्षी" म्हणू नका. मानेचं मोठं ऑपरेशन ठरलं असेल तर त्याआधी थायरॉईड नीट करून घेणं महत्त्वाचं, कारण थायरॉईड कमी असेल तर जखम भरायला वेळ लागतो.

गोळी कशी घ्यायची? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

गोळी म्हणजे लेव्होथायरॉक्सिन. सकाळी अनशापोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि त्यानंतर अर्धा ते एक तास चहा-कॉफीसुद्धा नाही. सकाळी जमत नसेल तर रात्री झोपताना, शेवटच्या खाण्यानंतर तीन तासांनी घेतली तरी चालते. काहीही करा पण रोज एकाच पद्धतीने करा.

कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या, पित्तासाठीची पांढरी पातळ औषधं यांच्यात आणि या गोळीत चार तासांचं अंतर हवं, नाहीतर गोळी पोटातच अडकते, रक्तात जात नाही. आणि डोकं-मानेच्या पेशंटकडे ह्यातलं काही ना काही असतंच. ॲसिडिटीच्या रोजच्या कॅप्सूलनेही गोळी कमी लागू होते, त्या बंद करायची गरज नाही पण डॉक्टरांना माहीत हवं म्हणजे डोस त्या हिशेबाने ठरतो.

आता आपल्या लोकांचा खास प्रॉब्लेम. तोंड कोरडं, लाळ नाही, गोळी जिभेला चिकटून बसते किंवा घशात मधेच अडकते. घोटभर पाणी आधी, मग गोळी, मग पुन्हा पाणी. तरी जमत नसेल तर गोळी थोड्या पाण्यात चुरून लगेच प्यायची, चुरून ठेवून द्यायची नाही. लिक्विडमध्येही हे औषध येतं, मिळत असेल तर विचारा. नाकातून किंवा पोटातून नळी असेल तर चुरून नळीतून देता येते, फक्त नळीतून जाणारं फीड गोळीच्या आधी आणि नंतर साधारण तासभर बंद ठेवायचं आणि नळी पाण्याने नीट धुवायची. रात्रभर पंपाने फीड चालू असणाऱ्यांमध्ये डोस पुरेसा देऊनही टीएसएच खाली येत नाही, त्याचं कारण बहुतेक हेच असतं आणि लोक उगाच डोस वाढवत बसतात.

दहा दिवस झाले गोळी चालू करून, काहीच फरक नाही!

पडणारच नाही एवढ्यात. या औषधाचं अर्धं प्रमाण शरीरातून जायलाच साधारण सात दिवस लागतात, म्हणजे पातळी स्थिर व्हायला पाच-सहा आठवडे. म्हणून डोस बदलला की ६ ते ८ आठवड्यांनी परत टीएसएच करतात, त्याआधी केलं तर आकडा अर्धवट वाटेवरचा मिळतो. ह्यांना तिसऱ्या आठवड्यात जरा बरं वाटलं, पण खरं म्हणजे दोन महिन्यांनी एक दिवस स्वतःहून म्हणाले पंखा लाव, तेव्हा मला कळलं.

पूर्ण डोस ढोबळमानाने वजनाच्या किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला शंभरच्या आसपास. पण वय जास्त असेल किंवा हृदयाचा त्रास असेल तर २५ किंवा त्याहूनही कमीपासून सुरू करून हळूहळू चढवतात, शेजाऱ्याला शंभर आणि मला पंचवीसच का यावर रुसायचं नाही. जास्त झाली तर धडधड, झोप न येणं, हाडं ठिसूळ होणं असले प्रकार होतात, त्यामुळे बरं वाटतंय म्हणून स्वतःच वाढवू नका.

आयुष्यभर घ्यायची? सवय लागेल ना?

रेडिएशनने गेलेली ग्रंथी सहसा परत येत नाही, त्यामुळे हो, बहुतेकांना कायम. सवयीचं म्हणाल तर जे हार्मोन शरीर स्वतः बनवायचं तेच बाहेरून देतोय, याला सवय म्हणत नाहीत. चष्मा लागला की चष्म्याची सवय लागली म्हणतो का आपण.

थायरॉईड सपोर्ट नावाच्या पावडरी, आयोडीनच्या गोळ्या यांचा इथे उपयोग नाही. कच्चा माल कमी पडलाय असं नाहीये, कारखानाच जळलाय.

माझं टीएसएच नॉर्मल आहे तरी सगळे त्रास आहेत, डॉक्टर म्हणतात काही नाही.

तुमचं रेडिएशन नाकाच्या मागे, सायनसला किंवा कवटीच्या तळाला झालं असेल तर इथे थांबू नका. वर सांगितलं ना, टीएसएच हा पिट्युटरीचा हुकूम आहे. हुकूम देणारीच आजारी असेल तर टीएसएच वाढणार कसं? अशा वेळी टीफोर कमी आणि टीएसएच मात्र नॉर्मल किंवा किंचित कमी असं चित्र दिसतं, आणि नुसतं टीएसएच बघणारा माणूस "सगळं ठीक" म्हणून फाइल बंद करतो. म्हणून मी फ्री टीफोर फ्री टीफोर म्हणून ओरडते.

पिट्युटरी फक्त थायरॉईडची मालकीण नाही. तिच्या हाताखाली बरंच काही आहे आणि रेडिएशनने ते सहसा एका ठराविक क्रमाने जातं: आधी ग्रोथ हार्मोन, मग पाळी आणि पुरुषत्वाशी संबंधित हार्मोन्स, मग कॉर्टिसॉल आणि थायरॉईडचे हुकूम. क्रम प्रत्येकात तंतोतंत तसाच नसतो. प्रोलॅक्टिन (दूध येण्याचं हार्मोन) मात्र उलटं थोडं वाढू शकतं, कारण हायपोथॅलॅमस त्याला दाबून धरत असतो आणि तो दाब सुटतो. खूप तहान लागून सारखी लघवी होणं, म्हणजे पिट्युटरीच्या मागच्या भागाचा बिघाड, हा रेडिएशनने फार क्वचित होतो, तेव्हा तसं झालं तर आधी साखर तपासा आणि डॉक्टरांना दुसरं कारण शोधायला सांगा.

हे सगळं वर्षांच्या हिशेबाने होतं, महिन्यांच्या नाही. दहा वर्षांनी सुद्धा. त्यामुळे त्या भागाला रेडिएशन झालेल्यांनी वर्षातून एकदा सकाळचं कॉर्टिसॉल, टीएसएच, फ्री टीफोर, आणि पुरुष असेल तर टेस्टोस्टेरॉन, बाई असेल तर पाळीचा इतिहास आणि गरजेप्रमाणे एलएच-एफएसएच (पाळीशी संबंधित पिट्युटरीचे हुकूम) असं सगळं एन्डोक्राइनच्या म्हणजे हार्मोन्सच्या डॉक्टरांकडून बघून घ्यायला हवं.

कॉर्टिसॉल कमी असणं एवढं गंभीर का म्हणतात?

कारण बाकीचे हार्मोन कमी असले तर माणूस मरगळतो, हे कमी असलं तर एखाद्या साध्या तापात किंवा जुलाबात माणूस जाऊ शकतो. कॉर्टिसॉल ॲड्रिनल ग्रंथी बनवतात, त्या किडनीच्या वर बसलेल्या असतात, पण हुकूम पिट्युटरीचा. एरवी माणूस कसाबसा चालतो: भूक नाही, मळमळ, वजन उतरतंय, उभं राहिलं की चक्कर, सोडियम कमी, साखर कमी. मग इन्फेक्शन झालं की शरीराला एकदम जास्त कॉर्टिसॉल लागतं आणि ते नसतं. बीपी पडतं.

ॲड्रिनलच खराब झाल्या तर कातडी काळवंडते म्हणून शंका येते, पण पिट्युटरीमुळे कमी झालं असेल तर कातडी काळी पडत नाही, पोटॅशियमही नॉर्मल असतं. त्यामुळे हे जास्त सहज निसटतं.

तपासणी सकाळी ८ च्या सुमाराला रक्त देऊन होते, कारण कॉर्टिसॉल पहाटे-सकाळी सगळ्यात जास्त असतं, दुपारी दिलेलं रक्त कामाचं नाही. आकडा मधेच लटकला तर इंजेक्शन देऊन पुढची टेस्ट करतात. कमी निघालं तर हायड्रोकॉर्टिसोन (म्हणजे कॉर्टिसॉलच, स्टेरॉइडची गोळी), दिवसाला साधारण १५ ते २५ मिलिग्रॅम, दोन-तीन भागांत, सगळ्यात मोठा भाग सकाळी.

ही गोळी कधीही एकदम बंद करायची नाही. ताप आला तर डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे दुप्पट किंवा तिप्पट. उलट्या होऊन गोळी पोटात राहतच नसेल तर घरी थांबायचं नाही, हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन आणि सरळ हॉस्पिटल. इंजेक्शन घरी कसं द्यायचं हे घरातल्या एकाने तरी शिकून ठेवा. खिशात एक चिठ्ठी ठेवा की मला स्टेरॉइड चालू आहे, दात काढताना, ऑपरेशनला, भूल द्यायच्या आधी दाखवायची.

थायरॉईड आणि कॉर्टिसॉल दोन्ही कमी आहेत, कुठली गोळी आधी?

हायड्रोकॉर्टिसोन आधी. यात चूक चालत नाही. थायरॉईडची गोळी शरीराचं इंजिन जोरात करते, त्यामुळे असलेलं थोडंफार कॉर्टिसॉलही पटापट संपतं आणि माणूस कोसळू शकतो. म्हणून पिट्युटरीच्या पेशंटमध्ये थायरॉक्सिन सुरू करायच्या आधी कॉर्टिसॉल तपासतात, तुमच्याकडे तपासलं नसेल तर विचारा.

गंमत म्हणजे या दोन्ही गोळ्यांच्या मागे एकच माणूस आहे. एडवर्ड केंडॉल नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९१४ च्या नाताळात थायरॉक्सिन वेगळं काढलं, आणि पुढे ॲड्रिनलच्या हार्मोन्सवरच्या कामासाठी १९५० चं नोबेल त्यालाच मिळालं, हेंच आणि राइखस्टाइन यांच्याबरोबर.

माझं रेडिएशन घशाला झालं, पिट्युटरीला नाही, तरी कॉर्टिसॉल कमी कसं?

केमोबरोबर उलट्या होऊ नयेत म्हणून डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देतात, सुजेसाठीही देतात. ते बरेच दिवस चाललं असेल तर शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल बनवणं थांबवतं. भूक वाढवायला मेजेस्ट्रॉल देतात, त्यानेही हेच होतं, आणि ह्याची कल्पना फार कमी जणांना असते. हे बहुतेक परत सुधारतं पण वेळ घेतं, म्हणून अचानक बंद केल्यावर गळून गेल्यासारखं झालं तर सांगा.

रेडिएशननंतर इच्छाच राहिली नाही. हे डॉक्टरांना कसं सांगू?

जसं आहे तसंच सांगा, त्यांना नवीन नाही. पुरुषांमध्ये इच्छा कमी होणं, ताठरता न येणं, दाढी कमी वाढणं, स्नायू उतरणं, बायकांमध्ये पाळी अनियमित होणं किंवा बंद होणं. पिट्युटरीच्या रेडिएशननंतर हे हार्मोनमुळे असू शकतं. टेस्टोस्टेरॉन सकाळी आणि निदान दोन वेळा तपासतात, एका आकड्यावर औषध सुरू करत नाहीत. यात हाडांचा प्रश्नही आहे, हे हार्मोन्स वर्षानुवर्षं कमी राहिले तर हाडं ठिसूळ होतात, म्हणून लाज म्हणून गप्प बसण्यात तोटाच आहे. अर्थात थायरॉईड कमी असणं, उदासी, चेहऱ्या-मानेत झालेला बदल यानेही इच्छा जाते, सगळं हार्मोनवर ढकलू नका.

मोठ्या माणसाला ग्रोथ हार्मोन कशाला लागतं? वाढ तर झाली.

स्नायू, हाडं, उत्साह यासाठी लागतं. कमी असेल तर पोटावर चरबी, अंगात ताकद नाही. पण कॅन्सर चालू असताना हे इंजेक्शन देत नाहीत, आणि बरं झाल्यावरही कॅन्सरचे डॉक्टर आणि एन्डोक्राइनचे डॉक्टर दोघांनी मिळून ठरवायचं असतं. ताकदीचं म्हणून जिममध्ये कोणी सुचवलं तर अजिबात नाही.

लहान मुलाला डोकं-मानेचं रेडिएशन झालंय, काय बघायचं?

उंची. दर सहा महिन्यांनी मोजून वहीत लिहा, भिंतीवर रेघ मारली तरी चालेल. मुलांमध्ये ग्रोथ हार्मोन कमी डोसलाही, १८ ग्रेच्या आसपासही बिघडू शकतं. वयात येणं फार लवकर किंवा फार उशिरा होऊ शकतं, आणि लवकर वयात आलं तर उंची एकदम वाढलेली दिसते, घरचे खूश होतात, पण हाडं लवकर जुळून शेवटी मूल बुटकं राहतं. त्यामुळे उंची वाढतेय म्हणजे सगळं ठीक असं धरू नका, मुलांच्या एन्डोक्राइनच्या डॉक्टरांना दाखवाच.

ओठांभोवती, बोटांना मुंग्या येतात. हेही थायरॉईड?

हे बहुतेक कॅल्शियम. थायरॉईडच्या मागे चार छोट्या पॅराथायरॉईड ग्रंथी असतात, कॅल्शियम त्या सांभाळतात. ऑपरेशनमध्ये त्या निघाल्या किंवा त्यांचा रक्तपुरवठा गेला तर कॅल्शियम पडतं, हातापायात पेटके येतात, बोटं वाकडी होऊन आखडतात. असं झालं तर त्याच दिवशी दाखवा. नुसत्या रेडिएशनने असं होणं क्वचित. पण सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध झालं असेल तर किडनीतून मॅग्नेशियम वाहून जातं आणि मॅग्नेशियम कमी असेल तर कितीही कॅल्शियम घ्या, वर येत नाही, म्हणून दोन्ही तपासा. आणि रेडिएशननंतर वीस-तीस वर्षांनी याच ग्रंथी उलट जास्त काम करायला लागून कॅल्शियम वाढू शकतं, मुतखडे, हाडं दुखणं यातून ते कळतं.

इम्युनोथेरपीही चालू आहे, मग?

मग आणखी सावध. पेम्ब्रोलिझुमॅब, निव्होलुमॅब या औषधांनी थायरॉईड, पिट्युटरी, ॲड्रिनल कशालाही सूज येऊ शकते, क्वचित इन्सुलिन लागणारा डायबेटिसही. रेडिएशनसारखं वर्षांत नाही, आठवड्यां-महिन्यांत. औषध बंद झाल्यावरसुद्धा. डोकं प्रचंड दुखणं, खूप तहान, अचानक गळून जाणं हे फोन करण्याचे त्रास आहेत.

रेडिएशनने थायरॉईडचा कॅन्सर होतो का?

धोका थोडा वाढतो, मुख्यतः ज्यांना लहानपणी रेडिएशन झालं त्यांच्यात, आणि दिसायला बरीच वर्षं जातात. मानेत नवीन गाठ लागली तर दाखवा. रेडिएशन झालेल्या मानेचं कातडं कडक असतं, हाताला गाठ कळत नाही, म्हणून डॉक्टर सोनोग्राफी सांगतात. सापडलेल्या बहुतेक गाठी साध्याच निघतात.

हे आधीच टाळता आलं नसतं का?

काही प्रमाणात. आयएमआरटी नावाच्या रेडिएशनच्या पद्धतीत किरणांचा आकार वळवता येतो, प्लॅनिंग करताना थायरॉईडवर खूण करून तिचा डोस कमी ठेवायचा प्रयत्न करतात. रेडिएशन अजून सुरू व्हायचं असेल तर तेवढं विचारा, आणि त्याच वेळी आधीचं टीएसएच करून ठेवा म्हणजे पुढे तुलना करायला काहीतरी असेल. पण गाठ किंवा नोड्स थायरॉईडला खेटून असतील तर तिला वाचवायला जाऊन कॅन्सर सोडण्यात अर्थ नाही. गोळीने भरून निघणारी ग्रंथी आहे ती, हे गणित मला पटतं.

गोळी चालू असताना दिवस राहिले तर?

गोळी बंद करायची नाही, उलट लगेच कळवायचं. गरोदरपणात गरज साधारण पाव ते तिसऱ्या हिश्शाने वाढते, तीही सुरुवातीलाच, कारण पहिले काही महिने बाळ आईच्याच थायरॉईडवर अवलंबून असतं. ठरवून राहणार असाल तर आधी टीएसएच नीट आणून घ्या.

एन्डोक्राइनच्या डॉक्टरांकडे पहिल्यांदा जाताना काय न्यायचं?

रेडिएशनची समरी. डिस्चार्ज कार्ड नाही, रेडिएशन विभागाचा कागद, ज्यात कुठल्या भागाला किती ग्रे आणि किती सिटिंग ते लिहिलेलं असतं. शक्य असेल तर थायरॉईडला आणि पिट्युटरीला किती डोस गेला तेही मागा, प्लॅनिंगच्या कॉम्प्युटरमध्ये असतं ते. सगळे जुने टीएसएच तारखेप्रमाणे एका कागदावर. चालू गोळ्यांची यादी, त्यात कॅल्शियम, पित्ताची, बायोटिन, जडीबुटी सगळं, आणि कुठली किती वाजता घेता ते. आणि घरातलं एक माणूस बरोबर न्या, कारण थायरॉईड कमी असलेला माणूस डॉक्टरांनी कसं आहे विचारलं की "ठीक आहे" एवढंच म्हणतो, ह्यांनीही तेच म्हटलं होतं, शाल पांघरून.